उकळलेला स्पंज

ताश्कंदच्या रविवारच्या बाजारात नुस्रत मास्तर माशांच्या टाकीचा फिल्टर घ्यायला रांगेत उभे होते. कुठला घ्यावा, हे त्यांनाच उमगत नव्हतं. त्यात पुढच्या म्हातारीचं आणि दुकानदाराचं काही जमेना.

“बाहेरचा देऊ, मावशी, की आतला स्पंजचा?”

“ज्याने मासे मरत नाहीत, तो दे.”

“टाकीत झाडं आहेत?”

“जंगल आहे नुसतं! सुनेची टाकी. ती कोरियाला कामाला गेलीय, बुधवारी येतेय. बारातले पाचच मासे उरलेत.”

“आत्ता कुठला आहे?”

“स्पंजचाच. पण चकाचक हं! दर शुक्रवारी साबण लावून उकळते.”

“अहो मावशी! त्या गाळातले जंतूच पाणी साफ ठेवतात. तेच मारलेत तुम्ही.”

“जंतू साफ ठेवतात? थट्टा करतोस माझी?”

“खरंच. टाकीच्याच पाण्यात नुसता पिळायचा. सून काय करायची?”

“तेवढंच. घाणेरडी, आळशी म्हणून तीन वर्षं बोलले तिला.”

“माझ्या टाकीतला वापरलेला स्पंज देतो. गाळासकट बसवा.”

“शी! …बरं, बांध. धुऊ नकोस.”

“अजून काही?”

“हे जंतूंचं तिला माहीत असेल का रे?”