घाटावर धरलेला हात

(निजामाच्या मोगलाईतलं, गोदावरीकाठचं गंगाखेड. शिवारातला आखाडा, म्हणजे शेतातला गोठा. गावोगाव सायकलवर रेशीम विकणारा चिनी माणूस, वांग, खांबाला बांधलेला. कावेरीचा थोरला भाऊ उद्धव आसूड घेऊन त्याच्यासमोर उभा.)

उद्धव : परत इचारतो. भर घाटावर माज्या बहिणीचा हात धरून तिला का वढलंस?

वांग : सांगितलं. ती जळणार होती.

उद्धव : कोन जाळायलं होतं तिला?

वांग : तुम्ही. तिचा नवरा मेला. इकडं नवरा मेला की बाईला जाळतात. कलकत्त्यात मला सगळे सांगतात.

उद्धव : हा घे एक, कलकत्त्याच्या नावानं. आन् हा दुसरा, माज्या आत्याच्या नावानं.

वांग : लाकडं होती. पेटलेली.

उद्धव : ती चिता सोनाराच्या म्हाताऱ्याची व्हती. गंगेकाठी रोज कुणी ना कुणी जळतंय. कावेरीचा नवरा तिकडं पालमात, त्याच्या गावाला मेला, त्याला तिकडंच अग्नी दिला. आमी हिला निसतं बांगड्या फोडायला आणलं व्हतं. रीत हाय ती.

वांग : चार बायका धरतात. एक दगड मारते. ती ओरडते. मनगटाला रक्त. मी काय समजू?

उद्धव : दगड मारणारी माजी आत्या, तानुबाई. म्हातारी बाई. तू ढकललंस आन् पायरीवर डोकं फुटलं तिचं. अजून शुद्ध न्हाई.

वांग : तिला लागलं, वाईट झालं. त्याच्यासाठी मला मारा. कावेरीसाठी मारू नका.

उद्धव : नाव घेऊ नगंस तिचं. तुमचा धंदा सगळ्या मोगलाईला म्हाईत हाय. रेशीम दाखवायचं, पोरी पळवायच्या, बंदराला नेऊन इकायच्या. साप खाणारी माणसं तुमी.

वांग : साप खाल्ला नाही. भूक होती तेव्हा मिळाला नाही.

उद्धव : वर तोंड करून बोलायलास. तुज्या मुलखात का ऱ्हाईना गेलास?

वांग : तिथं जपानी आहेत. माझं गाव जाळलं.

कावेरी : दादा, आसूड खाली टाक.

उद्धव : तू कशी आलीस? खोलीला बाहेरून कडी घातली व्हती मी.

कावेरी : आत्यानं काढली. शुद्धीवर आली, भिंत धरत धरत दारापाशी आली, कडी काढली आन् परत जाऊन पडली.

उद्धव : घरी जा. हे बायकांनी बघायचं काम न्हाई.

कावेरी : त्यांच्या कपाळाचं रक्त डोळ्यात चाललंय, दादा.

उद्धव : त्यांच्या? नवऱ्याचं बोलल्यावानी बोलायलीस.

कावेरी : दोन वर्सं झाली, उसाच्या फडामागं भेटतो आमी. पळवायचं असतं तर कवाच पळवलं असतं. सात वर्सांची असताना माजं लगीन लावलं तुमी. त्यानंतर त्या माणसाचं तोंड मी बघितलं न्हाई. आज त्याच्या नावानं माजे हात फोडले.

वांग : मी चोरून मागितली नाही. दिवाळीला तुमच्या वडलांना, आबासाहेबांना, लाल रेशमाचं ठाण दिलं. त्यांनी घेतलं. परत केलं नाही. आमच्यात भेट ठेवून घेतली म्हणजे मुलगी दिली.

कावेरी : तवा मी ह्यांना सांगितलं, माजं लगीन झालंय म्हनून. ह्यांना ते कळंचना. घरात नवरा न्हाई, तर बायको कशी, म्हनले.

उद्धव : आबांनी ते ठाण देवीला नेसवलं. आन् ह्याला वाटलं, पोरगी दिली. कोणत्या हातानं दिलंस रे? उजव्या ना? घाटावर बी त्याच हातानं धरलंस.

कावेरी : दादा, कुऱ्हाड ठेव. दादा, ऐक माजं. दांड्यानं नगं, त्यांचा हात बांधलेला हाय, दादा...

उद्धव : धर आता कुणाला धरतोस ते.

कावेरी : मोडला. हाड वाजलं, ऐकलंस का? सरक बाजूला.

उद्धव : इळा कशाला घेतलास?

कावेरी : दावं कापायला.

उद्धव : मी हितनं हलत न्हाई. माज्यावर चालवणार व्हय? चालव.

कावेरी : सरक म्हनले ना.

उद्धव : चिरलंस. कावेरे, सख्ख्या भावाला चिरलंस तू.

कावेरी : लय खोल न्हाई. धोतराचा काठ फाडून बांध दंडाला. उठा वो तुमी. माज्या अंगावर भार द्या.

उद्धव : ह्या दारातनं गेलीस तर गावात सांगीन, कावेरी गंगेत बुडून मेली म्हनून.

कावेरी : सांग. सकाळी घाटावर निम्मी मेलेच व्हते की. आत्याच्या डोक्याला हळद लाव तेवढी.

वांग : सायकल तिथं आहे. माल आहे.

कावेरी : ऱ्हाऊ द्या. एका हातानं काय सायकल धरता. ह्या बांधानं चला, टेसनाची वाट हीच.

वांग : तुझा भाऊ मागं येतो?

कावेरी : न्हाई. खाली बसलाय. रडायलाय.

वांग : तू पण रडते.

कावेरी : मी रडत चालू शकते. एक इचारू? दोन वर्सं आमच्यात हिंडलात. घरोघरी इधवा बघितल्या. तरी खरंच वाटलं, मला जाळतील म्हनून?

वांग : नाही. लाकडं नंतर दिसली. आधी बायका दिसल्या.

कावेरी : म्हंजे?

वांग : माझी बहीण, पाच वर्षांची. आई, आजी, मावशी तिला धरतात. पायाची बोटं खाली दाबून मोडतात, कापडानं बांधतात. लहान पाय असला की चांगलं घर मिळतं. ती ओरडते. सगळे म्हणतात, रीत आहे. मी दारात उभा. आत गेलो नाही.

कावेरी : आन् मी कलकत्त्याला तुमच्या माणसांत आले तर माजे बी मोडतील?

वांग : मोठ्या बाईचे मोडत नाहीत. पण बघतील. एवढे मोठे पाय, म्हणतील. हसतील.

कावेरी : हसू द्या. हात टाका माज्या खांद्यावर. तो न्हाई, चांगला.