घरात धूर नको

थांबा, थांबा गोमतीअक्का — ते निखारे उंबऱ्याबाहेरच ठेवा! घरात धूर नको. सांब्राणीच्या धुपाचाही नको. हो, ठाऊक आहे मला, माझ्या मधुमितेला तुम्हीच न्हाऊ घातलंत, ओल्या जावळाला धुरी दिलीत — पण तिच्या बाळाची गोष्ट वेगळी. डाक्टरांनी बजावलंय, धूर सोसायचा नाही. मी देवाजवळची उदबत्तीसुद्धा बंद केली. मिरचीची फोडणी बंद — आमचे हे पानावर बसून तोंड वाकडं करतात, करू देत. शेजारच्या स्वामीनाथला सांगून आले, बिडी ओढायची तर पार साक्कोट्टै गावाला जाऊन ओढ. हसू नका, बिचारा खरंच कोपऱ्यापलीकडे जातो.

ऑपरेशन? ते छान झालं हो, हृदयाचं भोक नीट बुजवलं. मला वाटलं, सुटलो. पण इतके दिवस जास्तीचं रक्त सोसून फुप्फुसंच दमली होती — मध्येच त्यांतल्या शिरा आवळायच्या, दाब चढायचा आणि पोर निळं पडायचं. म्हणून तोंडात नळी, श्वासाचं मशीन, झोपेचं औषध. उगाच हात लावायचा नाही, रडू द्यायचं नाही — ऐकलंत कधी असं? मूल जन्मलं की आपण ते रडायची वाट बघतो, आणि ही माझी पोरगी तिथे चेन्नईला काचेबाहेर उभी राहून म्हणायची, रडू नको राजा, रडू नको. मग जरा बरं दिसलं म्हणून नळी काढली — चूक कुणाची नाही, काढायलाच हवी होती — आणि मधुमितेने फोन त्याच्याजवळ धरला. आई, ऐक. ऐकला मी आवाज! इतकासा, मांजराच्या पिल्लाएवढा. घरी कधी सोडतील ते ठरलंसुद्धा नव्हतं, पण मला कुठला धीर — लगेच तुम्हाला निरोप धाडला, शुक्रवारी या न्हाऊ घालायला. तांब्याचं घंगाळ चिंचेने घासलं. दारासुरमहून रेशमाचा तुकडा आणला, त्याचं इवलंसं झबलं —

नका येऊ म्हणून कळवायचं राहून गेलं, अक्का. सुचलंच नाही.

आत कोण? मधुमिता. पहाटे आली. ब्लाउज दुधाने भिजलेला आणि हात मोकळे. दाब पुन्हा चढला — पुन्हा नळी घातली, औषधं झाली, पण तो उतरलाच नाही. गेलं हो पोर. मी त्याला एकदाही मांडीवर घेतलं नाही, अक्का. एकदाही नाही. आणि आज सकाळी मी वरण केलं तेसुद्धा बिनफोडणीचं — सवयीने.

आणा. आणा ते निखारे आत. सांब्राणी टाका — मूठभर काय, सगळी टाका. आता कुणाला ठसका लागायचाय इथे?

बस. जा आता तुम्ही. आणि दार ओढून घ्या — धूर आतच राहू दे.