उन्हात न दिसणारं बटन

शेगाव स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेक वेबसाइट बनवण्याच्या नोकरीसाठी पुण्याला मुलाखतीला निघाली होती आणि माय तिला गाडीत बसवून द्यायला आली होती. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि मायच्या हातात फोन.

"माय, हे पान मी बनवलं. इंटरव्ह्यूत हेच दाखवाचं आहे. कपाशीवर बोंडअळी दिसली का, शेतकऱ्यानं इथं कळवाचं. तू करून पाह्य बरं."

"कुठं दाबू?"

"हिरव्या बटनावर."

"मले तं सारं पांढरंच दिसून राह्यलं वं, पुष्पा."

"फोन उन्हात धरला न तू. सावलीत धर."

"वावरात सावली कुठून आणू?"

"...थांब. रंग गडद करतो. आता?"

"आता दिसलं. पण दाबलं तं दुसरंच उघडलं. माह्या हातून बिघडलं का?"

"नाही माय. मीच बटनं लहान ठेवले. बोट दोन्हीवर पडते."

"ठेव आता ते. गाडी आली."

"एवढं मोठं करू दे. इंटरव्ह्यूत विचारतीन, पान कोणाकडून वापरून घेतलं?"

"माह्यं नाव नको सांगू, पोरी. म्हणतीन, हिच्या मायले काहीच समजत नाही."

"तुह्यंच नाव सांगतो."

"काऊन वं?"

"माह्या पानातल्या दोन्ही चुका तूच तं दाखवल्या न, माय."