नानांपुढचा कंस

जावाच्या तोंडी परीक्षेला काय घाबरता रे? माझी ऐका. देवपूरच्या कॉलेजात बाहेरून परीक्षक आले होते, एकदम कडक माणूस. त्यांच्यासमोर प्रोग्रॅम चालवला आणि एरर आली. डबल कोलननंतर मेथडचं, म्हणजे करून घ्यायच्या कामाचं, नाव बरोबर लिहिलं होतं, पण सवयीनं त्यापुढे कंसही टाकला होता.

"मेथड रेफरन्स, नुसतं नाव देणं, पाठ केलंय की समजलंय?" परीक्षक सर म्हणाले.

मागून माझा दोस्त पंक्या कुजबुजला, "गया भो तू."

मी कंस खोडला आणि प्रोग्रॅम चालला. पण सर कुठले सोडतात! "कंस का काढला?"

"सर, आमच्या बोदवडला भरीत पार्टी ठरली की वडील एवढंच सांगतात, भरीत आपले आचारी नाना करतील. कसं करायचं ते नानांना ठाऊक, आपण फक्त नाव द्यायचं. कंस टाकला म्हणजे नानांना आत्ताच हाक मारली. नाना येऊन बसतील आणि वांगी अजून शेतात!"

सरांनी पेन खाली ठेवलं. "आणि नवी वस्तू घडवणारा कन्स्ट्रक्टर रेफरन्स?"

"पाहुण्यांची यादी दिली की प्रत्येकापुढे नवं केळीचं पान. पान, डबल कोलन, न्यू."

सरांनी मार्क मांडले, पण मला दिसू दिले नाहीत. मी तोंड पाडून बाहेर आलो आणि दारातच थांबलो, कारण आता आत पंक्या बसला होता आणि त्यालाही तीच एरर आली होती.

सर त्याला म्हणाले, "कंस काढ बाबा. वांगी अजून शेतात आहेत."