लोखंडी मेंढा

—अहो डेल्मर, ती बादली भट्टीजवळ नको, नको म्हणते ना! बाहेर दव पडलंय, बादलीचं बूड ओलं असणार, आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब गेला तर काय होतं ते माझ्या गॅरेजच्या छताकडे बघा. ते चंदेरी शिंतोडे दिसतात ना? मर्लचं काम ते. थंडीतून आला, भांड्यावर वाकला आणि मिशीवरचा बर्फ झटकला. नवरा हृदयविकाराने गेला माझा, पण मिशी त्याच्या बरीच आधी गेली होती. बसा त्या स्टुलावर. कॉफी मिळणार नाही. इथे शिसं वितळत असेल तोवर खाणं नाही, पिणं नाही, या गॅरेजचा कायदा आहे. केक केलाय रूबार्बचा, पण तो आत, आणि तोही हात साबणाने धुतल्यावर. तुमच्यासाठी नाही हं केला, रूबार्ब संपवायचा होता. सप्टेंबरात कुठला रूबार्ब? फ्रीजरमधला. फ्रीजरमधलाही कधीतरी संपवावा लागतो की नाही? दाखवा तुम्ही ओतलेल्या गोळ्या.

अरे देवा. हे काय हो? या गोळ्या आहेत की उंदराने कुरतडलेले शेंगदाणे? कडा कुठे गेल्या यांच्या? बुडाला धार नाही, खाचा अर्ध्या भरल्यात, अर्ध्या नाहीत— आणि उद्या नेमबाजीची स्पर्धा! वर्षातली शेवटची! या गोळ्यांनी मेंढा पडणार होय? मेंढा हसेल तुम्हाला. लोखंडाचा असला तरी हसेल. आणि कुणी सांगितलं होतं तुम्हाला, क्लबच्या जेवणात सगळ्यांसमोर उभं राहून शपथ घ्यायला? ‘मेंढा पाडला की रायफल विकणार आणि ॲरिझोनाला मुलीकडे राहायला जाणार, आणि पडत नाही तोवर इथून हलणार नाही.’ टाळ्या काय वाजवल्या सगळ्यांनी. मीही वाजवल्या. निशाणाच्या लोखंडी कोंबड्या पाडून झाल्या, डुकरं झाली, टर्की झाले, राहिला तो एकटा, पाचशे मीटरवर, टेकडीच्या पोटाशी. हट्टी मेला. तुमच्यासारखाच.

बरं, आता नीट बघू. गप्प बसा, मला विचार करू द्या— हो, तुम्ही गप्पच आहात, माहितेय, नेहमीच असता. जूनमध्ये तुमच्या गोळ्यांना सुरकुत्या पडायच्या, आठवतं? माझ्या कोपराला आहेत तशा. साचा थंड. मी सांगितलं, पहिल्या वीसेक गोळ्या परत भांड्यात टाका, साचा तापू द्या, मग मोजायला घ्या. तापवलात. इतका तापवलात की जुलैत गोळ्यांवर पांढुरकी साय धरली, मग मी सांगितलं, दमानं घ्या, दोन गोळ्यांमध्ये श्वास घ्या जरा. ऐकलंत. वीटकाम केलेला माणूस, हाताला शिस्त आहे, हे मात्र मान्य करायला हवं. ऑगस्टमध्ये तर काय गोळ्या निघाल्या तुमच्या! आरशासारख्या. मी दुर्बिणीला डोळा लावून तुमच्या शेजारी बसले होते ना त्या रविवारी— तुम्ही गोळी झाडलीत, मी मनात मोजत होते, आणि टण्ण! मेंढा डुलला. असा मागे गेला, असा पुढे आला, आणि राहिला उभा. लोक हळहळले. मी तर ओरडलेच. काय? हळहळूनच हो! दुसऱ्या कशाने ओरडणार?

तर साचा थंड नाही, कारण सुरकुत्या नाहीत. फार गरम नाही, कारण साय नाही. कथील कमी पडलं म्हणावं, तर चर्चच्या जुन्या बाजारातले दोन पेले मी स्वतः तुमच्या भांड्यात टाकलेत, चांगलं कथील, त्या मार्गिट नेसच्या लग्नातले. मग काय राहिलं? इकडे द्या एक. ऐरणीवर टाकून बघू— ऐकलंत? पुन्हा ऐका. ट्रिंग. शिसं ट्रिंग वाजतं का कधी? शिसं पडलं की दमलेल्या माणसासारखं पडतं, थप्प, संपलं. ही वाजतेय चमच्यासारखी. आणि हातावर घ्या, हलकी नाही वाटत? आता खरं सांगा, भांड्यात वरून लापशी झाली होती का? घट्ट, करडी, ढवळली तरी न मोडणारी? मेणबत्तीचा तुकडा टाकून जाळ केला, भुसा टाकला, तरी तश्शीच? झाली होती ना? मग झालं! जस्त आहे यात, डेल्मर, जस्त! जस्त म्हणजे शिशाचा वैरी. एवढंसं जस्त गेलं की अख्खं भांडं वाया.

कसलं गाढव भांड्यात जस्त घालतं? कितीदा सांगितलं मी, टायरवाल्याकडून चाकांची जुनी वजनं आणलीत की आधी निवडा, तांदळातले खडे निवडतात तशी एकेक निवडा. पक्कडीने चावून बघा, शिसं दबतं, जस्त दबत नाही. आणि चुकून गेलंच एखादं, तर भांडं फार तापवू नका, जस्त उशिरा वितळतं, वर तरंगत येतं, पळीने काढून फेकून द्या. इतकं सोपं आहे. शेंबडं पोरसुद्धा— काय म्हणालात?

वजनं नाही वापरलीत? मग काय वापरलंत?

माझ्या शिशाच्या वड्या. कुठल्या माझ्या वड्या? ...हां. त्या. गेल्या पंधरवड्यात दिलेल्या. नाही, म्हणजे, माझ्याच कशावरून? गावात सगळेच मफिनच्या भांड्यात वड्या पाडतात, माझं एकटीचंच भांडं आहे का? दाखवा. उरली आहे एखादी? आणलीत पण बरोबर. वा. बघू. हं. पोचा आहे खरा. माझ्या भांड्याच्या कोपऱ्यातल्या वाटीला पोचा आहे, मर्ल त्यावर बसला होता. असेल, तसाच दुसऱ्या कुणाचा नवरासुद्धा बसू शकतो.

बरं, माझी आहे. माझीच आहे! जुन्या मालातली असेल, मर्लच्या वेळची. नाही, मर्ल माल निवडायचा, मेलेल्या माणसावर नको ढकलायला. मग हात चुकला असेल. चष्मा नव्हता. तुम्ही काय असे बघताय? चाळीस वर्षं मी शिसं ओततेय, डोळे बांधून जस्त ओळखेन, पण माणूस आहे, एखाद्या दिवशी होतं डोक्यात भलतंच काही. त्या दिवशी तुमच्या टामराचा फोन आला होता मला. हो, मला. गोड मुलगी आहे. म्हणाली, ‘मावशी, बाबांना समजवा ना, खोली तयार केलीय, दाराशीच पोहण्याचा तलाव आहे, तिथे बर्फ नाही.’ बर्फ नाही! आणि मग तुम्ही सकाळी कुणाच्या दारातला बर्फ काढणार? तुमच्या आधी माझ्या दारातला काढता, मी पडद्यातून बघते, तुम्हाला वाटतं मी झोपलेली असते. वाळूतलं गाव, लोक बंगल्याला फाटक लावून बसतात, शनिवारी बादली घेऊन कुणाकडे जाणार तिथे? मी म्हटलं, हो गं बाई, समजावते. आणि फोन ठेवला, आणि भट्टी लावली, आणि बाजूला काढून ठेवलेल्या जस्ताच्या डब्याकडे माझा हात—

चुकून! चुकून गेला.

नाही गेला चुकून. मेंढा डुलला होता, डेल्मर. चांगली गोळी दिली असती तर पडलाच असता. आणि तुम्ही शब्दाचे पक्के, पडल्यावर महिनाभरात गेला असता. मला नाही राहायचं या रस्त्यावर तुमच्याशिवाय. झालं? ऐकायचं होतं ते ऐकलंत? आता हसा. माझ्या साऱ्या आयुष्यात मी कुणाला वाईट शिसं दिलं नव्हतं, मर्लच्या भावालासुद्धा नाही, आणि तो तर माणूसच वाईट होता.

आणा ती वडी इकडे, टाकून देते. थांबा. हा डाग कसला? खालच्या बाजूला, काळपट, खरबरीत. हा मी नाही केलेला. हे ॲसिडने होतं. विटांवरचं सिमेंट धुवायला तुम्ही वापरता ते— एक थेंब टाकायचा, फसफसलं की जस्त, नाही फसफसलं की शिसं. हे मीच शिकवलं तुम्हाला. जुलैत.

म्हणजे तुम्ही तपासलीत.

ओतायच्या आधी की नंतर? वर बघा, डेल्मर, बुटांकडे काय बघताय? आधी. आधी तपासलीत, फसफसताना पाहिलीत, जस्त आहे हे कळलं— आणि तरी सगळ्या वड्या भांड्यात टाकल्यात? आणि लापशी ढवळत बसलात, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात? आणि आज बादली उचलून माझ्याकडे, ‘व्हर्लीन, काय बिघडलं कळत नाही’ म्हणत? मघापासून मी एवढी गाढव-गाढव करतेय आणि तुम्ही तिथे स्टुलावर—

हं.

बरं. उठा. तो वरचा फळीवरचा डबा काढा, माझा हात पोहोचत नाही. उघडा. पन्नास आहेत. काल ओतल्या, एकेक तोलून. रात्रभर डोळा लागला नाही मला, वाईट शिसं देऊन कुणाला झोप लागते? शुद्ध माल आहे, थप्प वाजतो. न्या. उद्या या गोळ्यांनी मारलंत तर मेंढा पडेल, आणि पडला तर मी टाळ्या वाजवेन, खऱ्या. तुमची रायफल, तुमची शपथ. मी मध्ये येणार नाही. आता नाही.

परत का ठेवताय? पोहोचतो ना तुमचा हात, मग खाली घ्यायच्या सोडून मागे कुठे ढकलताय, रंगाच्या डब्यांच्या मागे? तिथे मला वर्षभर सापडणार नाहीत.

...बरं. राहू द्या तिथेच.

मग आता निघा. नाही, केक नंतर, आधी हात धुवा, आणि ती तुमची ट्रिंग-ट्रिंग बादली बरोबर न्या, उद्या तीच लागणार आहे. सकाळी सहाला गाडी माझ्या दाराशी हवी, दुर्बीण मी घेते, कॉफी मी घेते. आणि घरी गेल्या-गेल्या टामराला फोन करा. सांगा, बाबा पुढच्या उन्हाळ्यात बघतील, आमच्या माँटानातले मेंढे फार जड आहेत. काय डोळे पुसताय, धूर आहे तो शिशाचा— हात नका लावू डोळ्यांना! साबण नळाजवळ आहे. जा!