लंकेतलं हापिस अन् सफारीचं माप

—अन् म्हणूनच म्हणतो देवमनजी, नोकरी सोडा म्हणणं सोपं हाय, पण कोणती नोकरी हे त समजून घ्या आधी! नाही नाही, उठू नका, बसा, आमच्या धाकट्या नातीनं, दामिनीनं, चहा टाकला. तुमी अकोल्याहून इतल्या दूर मोर्शीले आले, उंबऱ्यात जयभीम घातला अन् दुसरं वाक्य काय काढलं? "मैनाबाई, तुमच्या प्रणालीनं ते लंकेतली नोकरी सोडली, तरच आमच्या धम्मदीपची सोयरीक पक्की." अवो, पाणी त प्या! तुमाले इवाई म्हणू का पाव्हणे म्हणू, हेच अजून ठरलं नाही, अन् तुमी अट घालून मोकळे.

माही नात तिथं करते काय, विचारता? सांगतो. मले अक्षर येत नाही, पण ते रोज सांजीले फोनवर सांगते, अन् माह्या डोक्यात जे गेलं ते गेलं—लिहून ठेवा लागत नाही. दहा-बारा देशांनी मिळून काढलेलं हापिस हाय ते, कोलंबोत. कोण्या शेठचं नाही, एकट्या सरकारचंही नाही, समद्यांचं. कंपुटरवरच्या चोरांसाठी. —पोलीस? छा! एकही चोर पकडत नाहीत. मंग उपेग काय, हेच म्हणता ना? मीही हेच म्हटलं होतं तिले. आता हे पाहा, तुमचं दुकान बी-बियाण्याचं, वावर काय ते तुमाले सांगा लागत नाही. रोह्यांचा, त्या नीलगाईंचा, कळप आपल्या वावरातून हाकलला, त जाते कुठं? शेजाऱ्याच्या वावरात. त्यानं हाकलला, की त्याच्या पुढच्याच्या. जो तो आपल्या बांधावर बोंबलते अन् कळप समद्यांचं खाऊन ढेकर देते. मंग आमच्या शिवारात लोकांनी मधोमध एक माळा बांधला, उंच, अन् त्याच्यावर नत्थुजीले बसवलं. त्याच्या हाती काठी नाही. तो हाकलत नाही. तो नुसता सांगते—नाल्याच्या अंगानं आले रे, मोतीरामच्या कुंपणातून घुसले, तिकडचं कुंपण पाहा! हाकलायचं ज्याचं त्यानं. तसं हाय ते हापिस. एका देशातला दवाखाना चोरांनी बंद पाडला, की बाकीच्यांले लगोलग बातमी—कोण्या वाटेनं आले, कोणतं कुंपण सडलं होतं. शिकवतात बी, अन् कोणतं यंत्र पक्कं ते पारखून ठप्पा मारतात. प्रत्येक देशाचा एक माणूस पंच, पंच मिळून साहेब निवडतात, अन् साहेबाची मुदत भरली की तो बी उतरला खाली. एक मालक नाही म्हणून एकाचं झाकून चालत नाही—बाकीचे ओढून काढतात. हाय का तुमच्या अकोल्यात असं? हसले! हसा, हसा, चेहरा बरा दिसते तुमचा हसल्यावर.

अन् त्यांच्यातली खरी गंमत त पुढंच हाय. ते लोक खोटी चोरी करतात. सराव म्हणतात त्याले. आधी सांगून ठेवतात, या महिन्यात कधीतरी करू, अन् मंग समद्या देशांत एकदमच उडवून देतात—खोटा निरोप, खोटं आमिष—कोण फसते ते पाहतात. अन् फसला त्याले हसत नाहीत बरं! फसला अन् लगेच वरडला, "आलं रे, माह्या बाजूनं आलं"—तो शाबास. फसला अन् चूप बसला—तो जड जाते. त्याच्याच कुंपणातून कळप समद्यांच्या वावरात. प्रणाली म्हणते, "आजी, आमाले चोराचं नाही येवढं लपवणाऱ्याचं भेव."

काय झालं जी? चुळबुळ काहून करून राहिले? खुर्ची रुतते का? दामिनी! ते लोखंडी खुर्ची आण वो पोरी, बेचाळीसच्या कमरेले हे प्लास्टिकची कशी पुरंन!

—अं? मले कोणं सांगितलं? कोणं सांगाले कशाले पायजे, नजर हाय माही. माणूस दारातून आत आला की माप समजते—कंबर बेचाळीस, छाती चव्वेचाळीस, रंग बिस्कीट... रंग? रंग कसा दिसला म्हणता? ... जळो माही जीभ.

दामिनी, तू आतच थांब. दात नको काढू.

बरं, आता सांडलंच त पुरतं सांडतो. ते आलं होतं ना तुमच्या फोनवर—"नवरदेवाच्या वडिलासाठी सफारी फुकट, माप भरा, रंग कळवा"—ते अकोल्याच्या कोण्या दुकानाचं नोहे. ते माहं. शब्द माहे, बोटं दामिनीची. प्रणालीले काडीचं ठाऊक नाही. —कशाले केलं? अवो, पोरगी ज्या घरात द्याची त्याचं कुंपण नको पाहाले? कपाटात लुगडी किती हे पाहून काय समजते! तुमच्या घरच्या समद्यांले धाडलं. रागिणीबाईनं, तुमच्या मंडळीनं, उघडलंच नाही—भल्या बाई. धम्मदीपनं भरलं. होय, फसला तुमचा पोरगा! बापाले सफारी भेटते म्हणून फसला. पण मंग त्याले शंका आली अन् त्यानं काय केलं? प्रणालीले फोन केला, "मी फसलो," अन् घरात समद्यांले सांगितलं, कोणी हात लावू नका. हे प्रणालीनंच सांगितलं मले, कौतुकानं. मी आपली फोनवर "हो का, हो का" करत होती.

अन् तुमी? तुमी दोनदा भरलं! आधी बिस्कीट, मंग राखडी. वरून रिद्धपूरच्या साळ्याले पुढं धाडलं, त्याचं बी माप आलं—छत्तीस, मरतुकडा दिसते. अन् पोराले काय म्हणाले, तेही प्रणालीकडून आलं माह्या कानावर. "बावळट, शिकून वाया गेला, आमी नाही बाप्पा असल्यात फसत." तो बिचारा तवापासून दुकानाच्या कंपुटरचं एकएक कुलूप, ते पासवर्ड म्हणतात ते, बदलून राहिला, की माह्यानं बापाचं घर उघडं पडलं. रोज विचारते ना तुमाले, "बाबा, तुमी त नाही ना ते बटन दाबलं?" म्हणूनच ते नोकरी डोळ्यात सलून राहिली तुमच्या! लंका दूर म्हणून नाही. सून घरात आली, तेही हेच विचारंन, म्हणून.

चहा थंडा होते, प्या.

हे पाहा देवमनजी, माहंही वंगाळच झालं. त्यांच्यात सांगून करतात, मी चोरून केलं. प्रणालीले समजलं त अशी झाडंन मले, की जेवण गोड लागणार नाही. पण मी सांगीन. आजच. तिले माहं मी सांगतो, तुमच्या पोराले तुमचं तुमी सांगा—दोघंही बोलणं खाऊ, बरोबरीनं. मंग अट घाला, नाहीतर सोयरीक मोडा, मी हात धरणार नाही. पण ज्या घरात बाप पोरासमोर "मी फसलो" म्हणत नाही, त्या घरात माही पोरगी दबून जाईन. ते मले नाही पाहावणार, सांगून ठेवतो.

लावा फोन. इथंच, माह्यासमोर. —आधी मी लावू म्हणता? वा जी! पाव्हण्याचा मान पयला. काय सांगू म्हणता? "मी बी दाबलं बेटा, तुह्यानं काही झालं नाही." बस. जीभ झिजत नाही तितल्यानं.

वाजून राहिला... दामिनी, त्या बशा नको वाजवू... उचलला. धम्मदीपच हाय, आवाज येते मले.

बोला न जी. मी बसली चूप.