माझ्या नावाचा फ्लेक्स

शिडी हलवू नका गुरुजी, धरा नुसती — आणि असं बघू नका, मी काय चोरी करत न्हाई. नाव माझं, फोटो माझा, मग फाडायचा हक्क कुणाचा? वाचा की मोठ्यानं! 'सैन्यदलात निवड झाल्याबद्दल चि. वीरधवल यांचे हार्दिक अभिनंदन.' कुठं झाली निवड? कुणी यादी बघितली? सकाळी भरतीच्या मैदानावरनं आईला फोन केला आणि मी गावात एसटीतनं उतरायच्या आत नानासोकाकानं वडूजला जाऊन छापून आणला, स्टँडसमोर बांधला बी! आणि हे धड बघा — माझं हाय का हे? कुण्या जवानाच्या अंगावर माझं दहावीच्या ओळखपत्रावरचं तोंड चिकटवलंय. खाली शुभेच्छुक सतरा. तिसरे तुमी, बिनगॉगलचे एकटेच. तुमाला इचारलं व्हतं? न्हाई ना? मलाबी न्हाई.

कवाच न्हाई, गुरुजी. पाचवीपासनं पहाटे उठवून पळवतायत. आजोबा फौजेत, आप्पा फौजेत. काका गेला भरतीला तर गुडघ्याला गुडघा लागतो म्हणून बाद — मग त्याची बी भरती मीच व्हायची! घरात कुणी म्हणत न्हाई हा काय होणार. म्हणतात, कवा जाणार. काय? मला काय व्हायचंय? न्हाई म्हाईत! साडेसतरा वर्षांचा हाय मी, न्हाई म्हाईत — पर हे आमच्या घरात बोलायचं कसं?

उंची भरत व्हती की. पळण्यात बाद झालो. वेळ संपली की दोरी वढतात, मागचे घरी. — मी मागं? मी? सोळाशे मीटर पाच वीसला मारतो, तुमीच घड्याळ धरलं व्हतं! चौथ्या राउंडला पहिल्या दहात होतो. शेवटच्या वळणावर दोरीवाले दिसले आणि — थांबलो. दम लागला न्हाई, पाय मुरगळला न्हाई. नुसता चालायला लागलो. पोरं वरडत होती, 'पळ की रं गड्या!' — आणि मी चालतोय, लय बरं वाटत होतं — आणि दोरी वढली माझ्या म्होरं.

हे तुमाला का सांगितलं मी? कुणाला बोलायचं न्हाई. बोलायचं न्हाई!

आईनं इचारलं, 'पास का रं?' मी म्हटलं, 'व्हय.' आलं तोंडातनं. वाटलं, घरी जाऊन सांगीन खरं. पर ती तसाच फोन टाकून वरडत बाहेर पळाली, मला ऐकू येत होतं. मग राग कुणाचा करू, सांगा? काकाचा? 'व्हय' मीच म्हटलो ना!

चारच्या गाडीनं आप्पा येतायत. फौजेतनं सुटल्यापासनं साताऱ्यात बँकेवर गार्ड हायत, रजा टाकून निघालेत, पेढे घेऊन. त्याच्या आत — ही एक गाठ, नायलॉनची हाय, सुटंना — काय? तुमी सांगता त्यांना? नको. अठरा वर्षं बर्फात उभा राहिलेला माणूस तो. त्याला काय सांगणार, तुमचं पोरगं चालत आलं?

गाडी आली. उतरले बघा. — इकडंच बघतायत. हसतायत, गुरुजी. 'नीट ताणून बांध रं,' म्हणतायत.

सोडा शिडी. जावा तुमी. जावा म्हटलं ना!

आप्पा — बांधत न्हाई मी. काढतोय.